मुहम्मद अलीने केन नॉर्टनला खरंच हरवलं होतं का? आणि जो फ्रेझरला जे बोलला त्याचं काय?

मुठेकाठचा (धागाकर्ता), रविवार, दुपारी १२.१०

आम्ही पाच जण महिन्यातल्या एका रविवारी जमतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले, सगळ्यांनी तरुणपणी बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातलेले. नारायण पेठेत एका मित्राच्या घरी जुन्या लढती लावायच्या, खालच्या अमृततुल्यातून चहा मागवायचा. एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो: टीव्हीचा आवाज बंद. समालोचक ज्याचं कौतुक करतो तोच आपल्याला जिंकताना दिसायला लागतो, हा अनुभव आहे. प्रत्येकाच्या हातात कागद, राऊंड संपला की लगेच लिहायचं, शेजारच्याच्या कागदात डोकवायचं नाही.

आज अली-नॉर्टन तिसरी लढत लावली. यांकी स्टेडियम, न्यूयॉर्क, २८ सप्टेंबर १९७६. पाच कागदांपैकी चार नॉर्टनकडे, एक अलीकडे. माझ्या कागदावर नॉर्टन ९, अली ६.

मी अलीचा भक्त आहे. १९७४ साली किन्शासात दोरांना पाठ टेकून त्याने तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेतले आणि आठव्या राऊंडला त्याला आडवा केला, ते मी किती वेळा पाहिलं असेल याचा हिशोब नाही. सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं गेली, किताब काढून घेतला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तरी गडी वाकला नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. असा माणूस दुसरा झाला नाही असं मी आजही म्हणतो.

आणि तरीही आज दुपारी कागद समोर ठेवून बसलो तेव्हा वाटलं, ही लढत नॉर्टनची होती.

दोन जजनी ८-७ दिलं, रेफ्रीने ८-६ आणि एक राऊंड बरोबरीचा. तिन्ही अलीच्या बाजूने. तेव्हा न्यूयॉर्कला राऊंड मोजायचे, ज्याने जास्त राऊंड घेतले तो जिंकला. शेवटचा पंधरावा राऊंड तिघांनीही अलीला दिला. म्हणजे चौदा राऊंडनंतर दोघा जजच्या कागदावर बरोबरी होती आणि सगळं त्या शेवटच्या तीन मिनिटांवर लटकलेलं होतं. नॉर्टनच्या कॉर्नरला, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकांना, वाटत होतं की आपण पुढे आहोत, आता उगाच धोका नको. त्यामुळे गडी बराच वेळ हात राखून खेळला आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात तुटून पडला. निकाल ऐकल्यावर नॉर्टन रिंगमधून रडत बाहेर गेला. आमच्या खोलीत त्या वेळी कुणी बोललं नाही.

मला हे इतकं का लागतं तेही सांगतो. १९८९ साली पुण्यातल्याच एका ज्युनियर स्पर्धेत माझी उपांत्य फेरी खडकीच्या एका मुलाशी होती. तीन राऊंड. पहिल्यात त्याच्या डाव्या जॅबने, म्हणजे सरळ झटपट ठोशाने, माझं नाक फुटलं, दुसरा राऊंड माझा, तिसऱ्यात मला पाय उचलवत नव्हते. रेफ्री दोघांचे मनगट धरून मध्ये उभा होता आणि मी मान खाली घालून जमिनीकडे बघत होतो, कारण मला निकाल माहीत होता. हात माझा वर गेला. त्या मुलाने काही तक्रार केली नाही. क्लबचे ग्लोव्हज पुढच्या जोडीला द्यायचे होते, म्हणून तो कोपऱ्यात उभा राहून दाताने नाडी सोडवत होता. नाडी घामाने भिजलेली, गाठ सुटत नव्हती. मी जवळ गेलो तर म्हणाला, "जरा इकडे हात लावशील का?" मी ती गाठ सोडवली. ते प्रशस्तिपत्र आजही कपाटात आहे, पण मी ते कधी भिंतीवर लावलं नाही.

म्हणून विचारतो. अलीच्या ५६ विजयांत अशा किती गाठी आहेत? आणि दुसरं, जे मला त्याहून जास्त सलतं: फ्रेझर या प्रतिस्पर्ध्याबद्दल तो जे घालूनपाडून बोलला ते आपण "त्याची स्टाईल" म्हणून किती दिवस पोटात घालायचं?

तालीमकर, रविवार, दुपारी १.३५

धागा आवडला. मी कुस्तीवाला, बॉक्सिंग टीव्हीवर बघण्यापुरतं. पण वाद ओळखीचा आहे.

आमच्याकडे निकाली कुस्ती असली की भांडण नाही. पाठ मातीला लागली, संपलं, समोरचाही उठून हात मिळवतो. गुणांवर गेली की मग गावभर चर्चा. जानेवारी २०२३ ला कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा मी मैदानात होतो. माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड, बाहेरील टांग हा डाव लागला आणि चार गुण दिले. टांग पूर्ण बसली की नाही यावर पुढचे पंधरा दिवस प्रत्येक तालमीत मोबाईलवर तोच तुकडा थांबवून थांबवून बघत होते. एकाच तुकड्यावर दोन वस्तादांची दोन मतं. पंचाला तो तुकडा एकदाच, पूर्ण वेगात, एका बाजूने दिसतो हे आपण विसरतो.

सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला गदा घेतली, म्हणजे त्याला दुसरा दिवस मिळाला. नॉर्टनला मिळाला का?

मुठेकाठचा, रविवार, दुपारी २.०५

तालीमकर, प्रश्न बरोबर जागी लागला. नाही मिळाला. १९७८ साली तेव्हाचा जगज्जेता लिऑन स्पिंक्सकडून एका संघटनेने किताब काढून घेतला आणि तो नॉर्टनला दिला, कागदावर. मग जूनमध्ये लॅरी होम्सशी पंधरा राऊंडची लढत झाली, तीही जजमध्ये फूट पडून गेली. जगज्जेतेपदाची एकही लढत रिंगमध्ये न जिंकलेला जगज्जेता अशी त्याची नोंद राहिली. १९७३ च्या मार्चमध्ये सॅन दिएगोला याच माणसाने अलीचा जबडा मोडला होता आणि लढत जिंकली होती. सहा महिन्यांनी दुसरी झाली, ती अलीने जेमतेम घेतली. तिन्ही मिळून ३९ राऊंड, आणि दोघांत फरक नखाएवढा.

कॅम्पातला, रविवार, दुपारी ३.२०

असहमत. जगज्जेत्याकडून किताब घ्यायचा तर तो हिसकावून घ्यावा लागतो, हा बॉक्सिंगमधला जुना संकेत आहे. पंधराव्या राऊंडला हात राखून खेळलास, मग तक्रार कशाची? फ्रेझरने १९७१ ला काय केलं? शेवटच्या राऊंडमध्ये डाव्या हूकने अलीला खाली पाडलं. जजना विचारच करायला लावला नाही. नॉर्टनने तिन्ही लढतींत अलीला एकदाही खाली पाडलं नाही.

अलीच्या संशयास्पद विजयांत मी वेगळीच लढत धरीन. एप्रिल १९७६, मेरीलँड, जिमी यंग. अली त्या दिवशी २३० पौंडांचा होता, पोट सुटलेलं, पाय हलत नव्हते. यंगने त्याला सरळ सरळ जॅबवर खेळवला. पण यंगने एक घोडचूक केली: अडचणीत आला की डोकं दोरांच्या बाहेर काढायचा. एकदा नाही, वारंवार. रेफ्रीला मध्ये पडावं लागायचं. असं करणाऱ्याला जज किताब देत नाहीत.

अली आणि सनी लिस्टनच्या दुसऱ्या लढतीचा विषय कुणी काढण्याआधीच लिहितो. १९६५, लुइस्टन, पहिल्याच राऊंडमध्ये लिस्टन आडवा. ठोसा लागला, फिल्ममध्ये दिसतो, छोटा उजवा. पण लिस्टनसारखा माणूस त्याने आडवा व्हावा का, हा प्रश्न लिस्टनचा आहे, अलीचा नाही. रेफ्री वॉलकॉटने तर मोजणीचाच घोळ घातला. अली कोपऱ्यात जायला तयार नव्हता, वॉलकॉट त्याच्या मागे, आणि मोजणी संपल्याचं रिंगबाहेरून पत्रकार नॅट फ्लायशरने सांगितलं. या गोंधळाचा डाग आपण साठ वर्षं अलीच्या खात्यावर लावतोय.

मुठेकाठचा, रविवार, दुपारी ३.५०

लिस्टनबद्दल शंभर टक्के सहमत. यंगबद्दलही बरंचसं.

पण "हिसकावून घ्यावा लागतो" हा संकेत नियमात कुठेच लिहिलेला नाही. राऊंड सुरू होतो तेव्हा दोघेही शून्यावर असतात. आधीपासूनच एकाला झुकतं माप द्यायचं तर पंधरा राऊंड खेळवता कशाला? आणि हे माप अलीला जास्तच मिळालं, कारण तो अली होता. त्याने मधेच पाय नाचवले, हात फिरवले की प्रेक्षक ओरडायचे. त्या ओरडण्यात नॉर्टनचा पोटातला ठोसा कुणाला ऐकू येणार? आम्ही आवाज बंद ठेवतो तो याचसाठी.

वैशाली_न्यूरो, रविवार, संध्याकाळी ६.४५

मी मेंदूविकारांच्या विभागात काम करते, बॉक्सिंग मला माझ्या वडिलांमुळे माहीत. धागा वाचून एक हिशोब मांडला, तो इथे ठेवते.

यंगविरुद्धच्या लढतीनंतर अली किती खेळला? रिचर्ड डन ५ राऊंड. नॉर्टन १५. मग एव्हांजेलिस्टा १५, शेव्हर्स १५, स्पिंक्स १५ आणि परत १५, होम्स १०, बर्बिक १०. बेरीज करा. १०० राऊंड.

आणि समोर कोण? अर्नी शेव्हर्स, ज्याच्यासारखा जड ठोसा त्या काळात दुसऱ्या कुणाचा नव्हता असं त्याच्याशी खेळलेलेच सांगत. त्या लढतीनंतर अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको बाजूला झाला. त्याने थांबायला सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. १९८० ला होम्सपुढे अली नुसता उभा होता. दहा राऊंड. तेव्हा तो ३८ वर्षांचा. चार वर्षांनी पार्किन्सनचं निदान झालं. या आजारात एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण डोक्यावर वर्षानुवर्षं बसणारे ठोसे मेंदूला काय करतात ते मी रोज बघते.

तुम्ही सगळे म्हणताय, जजनी अलीला झुकतं माप दिलं, नॉर्टनवर अन्याय झाला. मला वाटतं अन्याय दोघांवर झाला. एप्रिल १९७६ ला जजनी यंगचा हात वर केला असता तर? हरलेला, ३४ वर्षांचा, जगाने डोक्यावर घेतलेला अली कदाचित घरी गेला असता. ते शंभर राऊंड त्याला त्या "विजयाने" दिले.

तालीमकर, रविवार, संध्याकाळी ७.१०

ताई, अंगावर काटा आला. असा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या तालमीतही बघितलंय. पैलवान थकलेला असतो, गुडघा गेलेला असतो, पण कुणीतरी ओढूनताणून एखादी कुस्ती जिंकवून देतं आणि तो अजून दोन वर्षं मैदानं करत राहतो.

मुठेकाठचा, रविवार, रात्री ८.३०

वैशालीताई, मी दुपारपासून नॉर्टनची बाजू मांडतोय आणि अलीचं काय झालं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. धन्यवाद.

रोहन_बालेवाडी, रविवार, रात्री ९.१५

मी २३ वर्षांचा, बालेवाडीला सराव करतो. काकांनो, ट्रॅश टॉकबद्दल (प्रतिस्पर्ध्याला बोलून डिवचणं) तुम्ही फार कडक आहात असं वाटतं. अलीने ते एका कुस्तीवाल्याकडून, गॉर्जस जॉर्जकडून उचललं होतं. लोक तो हरावा म्हणून तिकीट काढायचे, पण काढायचे. १९७१ च्या लढतीला अली आणि फ्रेझर दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. अलीच्या तोंडाशिवाय फ्रेझरला ते मिळाले असते का? आज टायसन फ्यूरी तेच करतो. २०२३ ला रियाधमध्ये एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) खेळणाऱ्या एन्गानूने पहिल्याच व्यावसायिक बॉक्सिंग लढतीत त्याला तिसऱ्या राऊंडला खाली पाडलं, तरी निकाल फूट पडून का होईना फ्यूरीकडे गेला आणि फ्यूरी दुसऱ्या दिवसापासून परत बोलायला मोकळा. हा खेळाचा भाग आहे. सराव करताना आम्हीही एकमेकांना बोलतो.

मुठेकाठचा, रविवार, रात्री १०.०५

रोहन, तू सराव करतोस हे वाचून बरं वाटलं. तुझं म्हणणं अर्धं मान्य. बोलणं खेळात असतं. लिस्टनला अली अस्वल म्हणाला, मला त्यात फारसं वावगं दिसत नाही. लिस्टन तेव्हा सगळ्यांना घाबरवून जिंकायचा आणि २२ वर्षांचा पोरगा त्याच्यापुढे भीती लपवायला ओरडत होता. अर्नी टेरेल या दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचंही समजू शकतो. अलीने नवं नाव घेतलं होतं आणि टेरेल मुद्दाम जुनं नाव घेत राहिला. १९६७ ला ह्यूस्टनमध्ये "माझं नाव काय?" असं विचारत त्याला पंधरा राऊंड झोडपलं, ते बघवत नाही, पण राग कुठून आला ते कळतं.

फ्रेझरने काय केलं होतं? अलीवर बंदी होती, हातात पैसा नव्हता, तेव्हा फ्रेझरने त्याला पैसे दिले. त्याचा परवाना परत मिळावा म्हणून खटपट केली. आणि लढत ठरल्यावर अलीने त्याला "अंकल टॉम" म्हटलं, म्हणजे गोऱ्यांचा मिंधा. फ्रेझर साउथ कॅरोलिनात बटाईने शेती करणाऱ्या घरातला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबलेला. अलीचे वडील लुइव्हिलला पाट्या रंगवायचे, घर स्वतःचं. दोघांपैकी कुणाला काळ्या माणसाचं जगणं जास्त सोसावं लागलं ते तूच बघ. १९७५ च्या मनिलातल्या लढतीच्या वेळी तर अलीने खिशातून रबरी गोरिला काढून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारले. फ्रेझरच्या मुलांना शाळेत इतर पोरं त्यावरून चिडवायची.

तू म्हणतोस पैसे मिळाले. मिळाले. पण काळ्या माणसाला गोरिला म्हणणं ही शिवी अलीने तयार केलेली नाही, ती दुसऱ्यांची होती, त्याच्याच लोकांविरुद्ध वापरलेली. ती त्याने उचलली आणि आपल्याच मदतीला आलेल्या माणसावर फेकली. मी भक्त असूनही याला खेळाचा भाग म्हणू शकत नाही.

रोहन_बालेवाडी, रविवार, रात्री १०.४०

पैसे दिल्याचं मला माहीत नव्हतं. मनिलाची लढत पाहिली आहे, पण त्याआधीचं काही पाहिलं नव्हतं.

माजी_फौजी, सोमवार, सकाळी ६.२०

उशिरा आलो. मी मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या आधीच्या काळातला, युनिटच्या रिंगमध्ये खेळलेला.

अली जानेवारी १९८० ला भारतात आला होता. दिल्लीत आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत खेळला. कौर सिंग सैन्यातला, पुढे १९८२ च्या एशियाडला हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. आमच्या युनिटमध्ये त्या दिवसाच्या गोष्टी वर्षानुवर्षं चालायच्या, अलीच्या डाव्या हाताची लांबी दाखवायला माणसं मेसमध्ये उठून उभी राहायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होम्सची लढत झाली हे मला आता वैशालीताईंचा हिशोब वाचताना लक्षात आलं. ज्याला आम्ही डोळे भरून पाहिलं म्हणायचो तो गडी तेव्हाच संपत आला होता.

फ्रेझरबद्दल एक भर. मनिलाला चौदाव्या राऊंडनंतर फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फचने लढत थांबवली. फ्रेझरला एका डोळ्याने आधीपासूनच कमी दिसायचं आणि दुसरा सुजून बंद झाला होता, तरी तो उठायला बघत होता. फचने खांद्यावर हात ठेवून बसवलं. त्या निर्णयावर फ्रेझर नाराज होता, पण माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात मोठा माणूस फच होता. अलीच्या कॉर्नरमध्ये होम्सच्या लढतीपर्यंत असं कुणी केलं नाही.

मुठेकाठचा, सोमवार, सकाळी ७.०५

साहेब, सलाम. अलीने २००१ साली वर्तमानपत्रातून फ्रेझरची माफी मागितली. फ्रेझरचं म्हणणं होतं की मला समोर येऊन सांगायला हवं होतं. मला फ्रेझरचं पटतं. अपमान सगळ्यांसमोर केलास, मग त्याच्या दारात जाऊन बोलायचं. २०११ ला फ्रेझर गेला तेव्हा अली, धड बोलता येत नसताना, अंत्यसंस्काराला गेला होता. तेवढं मी त्याच्या बाजूला लिहितो.

सदाशिवकर, सोमवार, सकाळी ९.३०

मुठेकाठचे, त्या खडकीच्या मुलाची नंतर कधी भेट झाली का?

मुठेकाठचा, सोमवार, दुपारी १.१५

झाली. दहाएक वर्षांनी खडकी बाजारात. त्याच्या स्कूटरवर पुढे मुलगी उभी होती, मागे गव्हाचं पोतं. त्याने मला आधी ओळखलं. मी लगेच म्हणालो, ती लढत तुझी होती. तो म्हणाला, "तिसरा माझा, पण दुसऱ्यात तू मला बरगडीत दिला होतास, आठवडाभर श्वास घेता येत नव्हता." मला तो ठोसा आठवतसुद्धा नव्हता. दहा वर्षं मी फक्त माझं नाक आणि माझे पाय धरून बसलो होतो.

कॅम्पातला, सोमवार, रात्री ९.००

म्हणजे तुमचाच कागद चुकला असेल. :) नॉर्टनची लढत परत एकदा बघा, ही विनंती.

मुठेकाठचा, मंगळवार, रात्री ११.२०

कॅम्पातला, बघितली. एकट्याने, आवाज बंद, नवा कागद. पंधरावा मी रविवारी नॉर्टनला दिला होता, त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटावर भाळून. तो अलीचाच आहे, आधीची अडीच मिनिटं नॉर्टनने काही केलेलंच नाही. तिघांचंही तिथे बरोबर होतं. बाकीचे चौदा होते तसेच राहिले. नॉर्टन ८, अली ७.

पुढच्या महिन्यात यंगची लढत लावतोय. रोहन, तू ये, पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. येताना तुझा कागद आण.